दादाने लावलेला पहिला नंबर

रविवारी दुपारी एक वाजता माझ्या भाचीच्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या फॉर्ममधली चूक मला दिसली. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी ती सांगितली. मधले बावीस तास मी मुद्दाम गप्प बसले होते. हे आधीच सांगून टाकते. चूक तशीच राहिली असती तर जुन्या, नावाजलेल्या कॉलेजातली तिची जागा गेली असती आणि ती परत मिळवायची सोय नियमात नव्हती.

फॉर्म माझ्या मोठ्या भावाने भरला होता. त्याचं नाशिकला द्वारका चौकाजवळ सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पॅन कार्ड, प्रवेशाचे फॉर्म अशी सगळी कामं तिथे होतात. आमचं गाव चांदवडजवळ. तिथून कुणाचा मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की बाप पिशवीत कागद घालून सरळ दादाकडे येतो. दादा कागद बघतो, मान हलवतो, म्हणतो, "बसा, चहा घ्या, काळजी करू नका." लोक काळजी करत नाहीत. मीही एकदा केली नव्हती.

मी बारावी सायन्सला होते तेव्हाची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्सची तुकडी नुकतीच सुरू झाली होती. गणितात मला शंभरपैकी त्र्याण्णव होते. फॉर्म मी स्वतः भरला, फोटो चिकटवला, गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर मुख्याध्यापकांची सही घेतली. फक्त नाशिकला जाऊन तो द्यायचा होता. ते काम दादाने घेतलं. दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा नाशिकला गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "यादी लागली. चार मार्कांनी गेला तुझा नंबर."

चार मार्क. मी तो आकडा घेऊन बसले. फिजिक्सच्या पेपरात मी एक गणित सोडवून खोडलं होतं आणि दुसऱ्या पद्धतीने सोडवलं होतं. ते चार मार्कांचं होतं. खोडलेलं बरोबर होतं. म्हणजे माझी जागा कुठे गेली ते मला नेमकं ठाऊक होतं. चांदवडला बी.कॉम. केलं, लग्न होऊन नाशिकला आले, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले, तिथेच आज स्टोअरची प्रमुख आहे. या सगळ्या काळात ते गणित मी किती वेळा मनात सोडवलं असेल! भाजी निवडताना, बसच्या रांगेत. दर वेळी उत्तर बरोबर यायचं आणि दर वेळी मी स्वतःला बोल लावायची.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. पेढे खायला माणसं जमली होती. दादा सोफ्यावर बसून रंगात आला होता. माझ्या मुलीला म्हणाला, "तुझ्या आईलाही फार कॉम्प्युटरचं वेड होतं बरं का. पण हिचा फॉर्म मी दिलाच नव्हता!"

"म्हणजे?" मुलीने विचारलं.

"म्हणजे काय, सीबीएस स्टँडला उतरलो, पिक्चर बघितला, संध्याकाळच्या गाडीने परत. रोज हिला चांदवडहून कोण सोडणार? आणि हॉस्टेलला ठेवायला तुझे आजोबा, आमचे अण्णा, तयार होते थोडेच. म्हटलं, नंबर लागला नाही म्हणावं, पोर गप्प बसेल. बसली!"

सगळे हसले. माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. तिघांना द्यायचे राहिले होते, त्यांना दिले. मग स्वयंपाकघरात जाऊन मी बॉक्स ओट्यावर ठेवला. सव्वीस वर्षं मी ज्या चार मार्कांसाठी स्वतःला दोष दिला, ते कुठेच नव्हते. यादीच नव्हती. त्या दिवशी मी दादाला काही बोलले नाही. रागाच्या भरात बोललेलं माणसं चार दिवसांत विसरतात. मला ते विसरलं जायला नको होतं.

माझी मुलगी आणि दादाची मुलगी एकाच वर्षाच्या. दोघींनाही कॉम्प्युटरकडेच जायचं होतं. यंदा सीईटी झाली, निकाल लागला. भाचीला माझ्या मुलीपेक्षा थोडे जास्त पर्सेंटाइल मिळाले. दादाचा फोन आला, "दोघींचे फॉर्म मीच भरतो. तू कशाला त्रास घेतेस?"

"माझ्या मुलीचा मी भरणार," मी म्हटलं.

"अगं येडे, ते ऑनलाइन असतं. कोड असतात. एक आकडा चुकला तर पोरगी सिव्हिलला जाईल."

"आकड्यांचं मी बघते."

मग मी खरंच बघितलं. माहितीपुस्तिका मी कारखान्याच्या प्रिंटरवर छापली नाही, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि दोनदा वाचली. सगळ्या घरात तेव्हा एकच वाद चालू होता, कॉम्प्युटर घ्यायचं, आयटी घ्यायचं की एआय आणि डेटा सायन्स. शेजारी म्हणायचे आयटीला आता काही राहिलं नाही. कारखान्यातले माझे साहेब म्हणायचे एआय सोडून दुसरं काही घेऊच नका. त्यांतल्या एकानेही अभ्यासक्रम उघडून बघितलेला नव्हता. मी तिन्ही शाखांचे चारही वर्षांचे विषय एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी लिहिले. जे सारखे त्यांना हिरवी खूण, वेगळे त्यांना लाल. पहिलं वर्ष पूर्ण हिरवं. दुसऱ्या वर्षातही डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम तिन्हीकडे होतेच. लाल खुणा खऱ्या अर्थाने तिसऱ्या वर्षापासून सुरू होत होत्या.

"आई, तू स्टोअरला नाहीस, तू पोलिसात आहेस," मुलगी म्हणाली.

"शाखेच्या नावासाठी कॉलेज सोडू नकोस, एवढंच निघतं यातून. बाकी तू ठरव."

"मग मी नेटवर्क आणि वेबचं जास्त आहे तिथे जाते. आयटी. एआयचं पुढे ऐच्छिक विषयातही घेता येतं, तूच तर हिरवं केलंयस."

तिचा फॉर्म शनिवारी भरून झाला. चौतीस पर्याय, तिच्या आवडीच्या क्रमाने. सगळ्यात हवं ते वर, नाइलाजाने चालेल ते खाली. नियम साधा आहे. यंत्र यादी वरून खाली वाचतं आणि तुमच्या गुणांना जो पहिला पर्याय बसेल तो देतं. खालचं वाचायला ते थांबत नाही. आणि पहिल्या फेरीत एक नंबरचाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत आहे.

रविवारी दादाकडे जेवायला बोलावलं होतं. तो पंचवटीत राहतो. जेवणं झाल्यावर भाचीने तिच्या फॉर्मची छापील प्रत माझ्यापुढे ठेवली. फॉर्म भरून झाला होता, पण कन्फर्म करायचा बाकी होता. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. कन्फर्म केल्यावर त्यात बदल करता येत नाही.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एक नंबरला हायवेवरच्या एका नव्या कॉलेजातलं आयटी. दोन नंबरला शहरातल्या जुन्या कॉलेजातलं कॉम्प्युटर. तीनला त्याच जुन्या कॉलेजातलं आयटी. भाचीच्या गुणांना हायवेवरचं कॉलेज डोळे मिटून मिळणार होतं. जुनंही मिळण्यासारखं होतं. पण यंत्र दुसऱ्या ओळीपर्यंत येणारच नव्हतं.

"हे एक नंबरला का?" मी विचारलं.

दादा टेकून बसला. "खात्रीचं आहे म्हणून. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लिलावात उभी राहिलीस ना कधी? पहिली बोली बरी आली की पावती फाडायची. जास्तीच्या नादात माल परत आणला की दुपारी भाव पडलेला. तसंच हे. एक जागा आधी हातात घ्यायची, मग दुसऱ्या फेरीत वरचं मागायचं. माझ्या हातची अकरा पोरं इंजिनीअरिंगला गेली, अकराच्या अकरांना पहिल्या फेरीत पहिला नंबर! एकाचाही दुसरा लागला नाही."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी मला ते कौतुकाचं वाटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचा हिशोब केला. अकरापैकी अकरा जणांना एक नंबरचा पर्याय मिळतो, याचा अर्थ अकराही जणांचा एक नंबर त्यांच्या गुणांच्या मानाने खालचा होता. आमच्या नात्यातली अकरा मुलं दादाने अशीच हायवेवर नेऊन सोडली होती, आणि अकरा बापांनी त्याला पेढे दिले होते.

भाचीने विचारलं, "आत्या, बरोबर आहे ना गं?"

ती सरळ मुलगी आहे. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार. फॉर्म भरायचं काम त्यांचं."

दादाला यातलं काही कळलं नाही. तो खूश झाला. म्हणाला, "शेवटी पटलं ना! उद्या संध्याकाळी चारच्या सुमाराला कन्फर्म करू. दिवसभर केंद्रात गर्दी असते."

मी मनात मोजलं. चार वाजता कन्फर्म, म्हणजे माझ्याकडे तोपर्यंत वेळ आहे. तिथेच, जेवणाच्या ताटांपुढे सांगितलं असतं तर दादाने "बरं झालं सांगितलंस" म्हणून क्रम बदलला असता आणि महिन्याभरात तो नियम त्यानेच शोधून काढला असं गावभर झालं असतं. मला ते नको होतं. मला साक्षीदार हवे होते. सोमवारी सकाळी अकराला त्याच्या केंद्रात चांदवडची पहिली खेप उतरलेली असते. ती वेळ मी निवडली. घरी येऊन साहेबांना अर्ध्या दिवसाच्या रजेचा मेसेज केला, पुस्तिकेतल्या त्या पानावर खूण घातली आणि शांत झोपले. खरंच शांत झोपले.

सोमवारी मी गेले तेव्हा केंद्रात आठ-नऊ माणसं होती. आमचे एक चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा मुलगा त्या अकरांपैकी एक. भाची शेजारच्या कॉम्प्युटरवर बापाला मदत करत होती.

"दादा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे पान जरा मोठ्याने वाच."

"आत्ता? कामात आहे मी."

"तुझ्या मुलीच्या फॉर्मबद्दल आहे. वाच."

त्याने चष्मा वर केला आणि वाचायला लागला. दुसऱ्या ओळीनंतर त्याचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, "ऐकू येत नाही." नाना म्हणाले, "मोठ्यानं वाच की रं, आमाला बी कळू दे." त्याने वाचलं. पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास उमेदवारास ती स्वीकारणे बंधनकारक राहील व तो पुढील फेऱ्यांसाठी पात्र राहणार नाही.

 झेरॉक्सचं यंत्र चालूच होतं.

"म्हंजी काय?" नानांनी विचारलं.

"म्हणजे नाना," मी म्हटलं, "सगळ्यात सोपं कॉलेज वर लिहिलं तर तेच गळ्यात पडतं. तुमच्या मुलाच्या फॉर्मवर एक नंबरला काय होतं?"

"ह्येच की. हायवेचं. पयल्या झटक्यात लागला म्हून लय खूश झालतो आमी."

"त्याचे गुण आठवतात?"

नानांनी सांगितले. मी त्या वर्षीची जुन्या कॉलेजची यादी बरोबर नेली होती. त्यात त्यांचं बोट नेऊन ठेवलं. त्या मुलाच्या खालच्या गुणांची मुलं त्या कॉलेजात मेकॅनिकलला नव्हे, कॉम्प्युटरला गेली होती.

नाना यादीकडे बघत राहिले. मग दादाकडे बघून म्हणाले, "आरं, मी तुला पेढं आणलं व्हतं."

दादाने मला धारेवर धरायचा एक प्रयत्न केला. "तू मला शिकवणार? स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतेस तू!"

"मोजते. म्हणून अकराही मोजता आले."

"सिस्टिम दरवर्षी बदलते. मागच्या वेळी असं नव्हतं."

"मागच्या चार वर्षांच्या पुस्तिका माझ्या पिशवीत आहेत. कुठली वाचतोस?"

तो उठून उभा राहिला. "बाहेर चल, बाहेर बोलू."

"नाही. माझ्या फॉर्मची गोष्ट तू वीस माणसांत हसत सांगितलीस. हीही इथेच होऊ दे. मला एकच सांग. चार मार्कांनी गेला म्हणालास. तो चारचा आकडा कुठून आणलास?"

 त्याला खरंच आठवावं लागत होतं. मग म्हणाला, "कुठून म्हणजे? सुचला."

 भाचीने बापाच्या हाताखालचा कीबोर्ड स्वतःकडे ओढला, आपल्या फोनवर आलेला ओटीपी टाकून लॉगिन केलं आणि पर्याय हलवायला लागली. जुन्या कॉलेजचं कॉम्प्युटर वर, मग आयटी, मग इतर. हायवेवरचं तिने सगळ्यात तळाला नेलं. दादा म्हणाला, "अगं, थांब, मी बघतो." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा." सगळ्यांच्या देखत. तो बसला.

मी पायऱ्या उतरून खाली आले तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की समोरच्या टपरीवर उभी राहून मी एकटीने चहा घेतला. मी तसं कधी करत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या अकरांपैकी सात घरांतून मला फोन आले. एकाने मला दादाबद्दल काय काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, पण ऐकून घेतलं. दादाच्या केंद्रात आता दाखले आणि सातबारा चालतात, फॉर्म घेऊन कुणी जात नाही. मला याचं जराही वाईट वाटत नाही. कुणी मला सांगतं, सख्खा भाऊ आहे, सोडून दे. सोडण्यासारखं त्याने माझ्याकडे ठेवलेलं नाही.

पहिल्या फेरीची यादी लागली. भाचीला दुसरा पर्याय मिळाला, जुन्या कॉलेजातलं आयटी. माझ्या मुलीला तिचा चौथा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची एकटीच आमच्याकडे आली. मला वाटलं पेढे घेऊन आली असेल. तिच्या हातात काही नव्हतं.

"आत्या, रविवारी तू माझा फॉर्म वाचला होतास. तू एकेक ओळ बोट ठेवून वाचतेस."

"हो."

"तेव्हाच दिसलं होतं ना तुला?"

मी खोटं बोलत नाही. "दिसलं होतं."

"मी तुला विचारलं होतं."

"तुझ्या बापाला मला चारचौघांत उघडं पाडायचं होतं. मुदत पाचपर्यंत होती. तो चारला कन्फर्म करणार होता. मी हिशोब केला होता."

"बाबांनी सकाळी दहालाच बटण दाबलं होतं," ती म्हणाली. "गर्दी व्हायच्या आधी उरकून टाकू म्हणाले. साइट फिरत राहिली, ओटीपी आलाच नाही. दोनदा केलं. मग नाना आले म्हणून ते राहिलं. तू आलीस तेव्हा तिसऱ्यांदा करणारच होतो."

 माझ्या हिशोबात दहा वाजताचं काहीच नव्हतं. त्या मुलीची जागा वाचली ती संथ चालणाऱ्या साइटमुळे. मी त्या वेळी सातपूरच्या स्टॉपवर उभी राहून, एवढ्या लवकर जाऊन उपयोग नाही, गर्दी जमू दे, म्हणून एक बस सोडून दिली होती.

"मला तुझ्यावर राग काढायचा नव्हता," मी म्हटलं.

"माहीत आहे. त्या वेळी बाबांनाही तुझ्यावर राग नव्हता. त्यांना फक्त तुला रोज सोडायला यायचं नव्हतं."

तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. माझी मुलगी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "दुसऱ्या फेरीत जाणार आहेस का? कॉम्प्युटरसाठी? कागद काढ, आपण बसू."

"ठरवते मी," ती म्हणाली. "पासवर्ड मी बदललाय. बाबांना दिलेला नाही." ती चप्पल घालत होती. "तुलाही देणार नाही."

दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरायची मुदत होती तीन दिवसांची. मी माहितीपुस्तिकेतलं त्या फेरीचं पान काढून ठेवलं होतं. नियम थोडा बदलतो तिथे, ते तिला सांगायला हवं होतं. दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. शेवटी ते पान मी मुलीकडून पाठवलं. मुलगी परत आली तेव्हा विचारलं, काय ठरवलं तिने? वरचं मागितलं की आहे ते ठेवलं?

मुलगी म्हणाली, "मला सांगितलं तिने. पण तुला सांगू नकोस म्हणाली."